मंजुळाच्या फ्रेमला हुक नाहीत

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मला उभं केलंय खरं, पण मी बोलणारा माणूस नाही. माझं सगळं काम पाठ फिरवून, पाटावर वाकून असतं. मघाशी जे बोलले ते शिकलेले लोक. कुणी सरोजाक्कांच्या हाताखाली चित्रकला शिकले, कुणी त्यांच्याबरोबर शाळेत नोकरी केली. त्यांनी अक्कांचं चांगलं तेवढं सांगितलं, आणि ते खरं आहे. मी इथल्या नजरबाद भागातल्या गल्लीतला फ्रेमवाला. महादेव माझं नाव. तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरातले देव माझ्या हातून गेलेत. तुमची गेलेली माणसंही माझ्या हातून गेलीत.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती माझ्या चुकीची आहे. सरोजाक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, 'सुम्ने इरो म्हादेवा', गप्प रहा रे. आज पहिल्यांदा मी त्यांचं ऐकणार नाही.

तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, हिरव्या साडीतल्या बाई बसल्यात. त्यांना तुमच्यातले फार थोडे ओळखतात. त्या गौरम्मा. पहिल्या बसनं गावाहून आल्यात. गावाचं नाव मी घेत नाही, त्याला कारण आहे, पुढं कळेल. त्यांना मराठी येत नाही. मी इथं काय बोलणार आहे ते सकाळी दुकानात त्यांना कन्नडमध्ये सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सांग. काही गाळू नको. म्हणून उभा राहिलोय.

गौरम्मांची मुलगी मंजुळा. सात वर्षांपूर्वी, ती सोळा वर्षांची असताना, एका ओळखीच्या माणसानं तिला शहरात दुकानात काम लावतो म्हणून नेलं. पहिले दोन महिने फोन आला. मग फोन बंद. मग तो माणूसही दिसेना. मंजुळा अजून सापडलेली नाही.

आता आधी माझ्या धंद्याची एक रीत सांगतो, नाहीतर माझी चूक तुम्हाला कळायची नाही.

आमच्याकडं फ्रेम करायला देव आला, की फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांना दोन बारीक पितळी हुक लावतो. हार अडकवायला. गिऱ्हाईक सांगत नाही, आम्ही विचारत नाही. लग्नाचा फोटो असेल तर हुक नाही. पदवीचा फोटो, डोंगर, नदी, राजवाडा, नाही. पण एकट्या माणसाचा मोठा चेहरा आला, की हुक लावायचे. कारण एकट्या माणसाचा मोठा चेहरा कुणी उगाच फ्रेम करत नाही. तो माणूस गेलेला असतो. मामांनी मला निपाणीजवळच्या आमच्या खेड्यातून इथं आणलं, हातात करवत दिली, तेव्हापासून हीच रीत. दहावीपर्यंत गावच्या शाळेत जे शिकलो ते पुष्कळसं विसरलो. हे नाही विसरलो. हे हातात बसलं.

अक्का पहिल्यांदा दुकानात आल्या त्या त्यांच्या यजमानांचा फोटो घेऊन. मी फ्रेम केली, हुक लावले. त्यांनी बोटानं ते हुक चाचपले आणि विचारलं, हे सगळ्यांना लावतोस का? मी म्हटलं, नाही अक्का, देवाला आणि गेलेल्याला.  मला वाटलं रडतील. तर म्हणाल्या, "बरा शेजार मिळाला आमच्या यांना. उभ्या जन्मात देवळात पाय ठेवला नाही."

अशा होत्या त्या. पुढं दुकानात येऊन बसायची सवयच लागली त्यांना. त्यांचे पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. घरात मराठी, पण कसलं मराठी! एका वाक्यात दोन शब्द आपले, तीन कन्नड. मला पहिल्यांदा अर्धंच कळायचं. आणि माझं मराठी ऐकून त्या हसायच्या. तू बुकासारखा बोलतोस म्हणायच्या. मी देवीच्या फ्रेमला आधी कुंकू लावून मग खिळा ठोकतो, त्याचीही थट्टा करायच्या. तुझ्या देवांना काचेची घरं आणि माणसांची लेकरं रस्त्यावर, असं एकदा बोलल्या. मला ते लागलं. पण त्या लागावं म्हणूनच बोलल्या असतील.

नोकरी संपल्यावर त्या एका संस्थेत मुलींना चित्रकला शिकवायला जायच्या. अशा मुली, ज्यांना कुठून कुठून सोडवून आणलेलं असतं. तिथं एक दिवस गौरम्मा आल्या. हातात शाळेचा ग्रुप फोटो. चाळीस मुलं, आणि त्यात मंजुळाचा चेहरा मसुराच्या डाळीएवढा. दुसरा फोटो घरात नव्हता. तो मोठा केला की नुसते ठिपके दिसायचे. गौरम्मांनी विचारलं, यावरून कुणी ओळखेल का हो तिला?

अक्का म्हणाल्या, फोटो राहू दे. मी तुझ्या गावी येते, तू समोर बस.

मी तिथं होतो. अक्कांना स्कूटरवरून मीच गावी नेलं होतं. गौरम्मांच्या घरासमोर, दगडी ओट्यावर, अक्कांनी गौरम्मांना बसवलं आणि त्यांचाच चेहरा काढायला घेतला. काढता काढता विचारायच्या. हनुवटी तुझी का? माझीच. भुवया? माझ्याच, पण तिच्या भांडखोर. आणि नाक? गौरम्मा म्हणाल्या, नाक तिच्या बापाचं. तो पळून गेला, जाताना नाक तेवढं पोरीला ठेवून गेला. भोवती जमलेल्या बायका हसल्या. अक्काही हसल्या, आणि खोडून ते नाक काढलं. असं सकाळपासून जेवणवेळ टळेपर्यंत चाललं. आईच्या चेहऱ्यातून हळूहळू लेक वर येत होती.

अक्कांनी सोळा वर्षांची मंजुळा काढली नाही. तेव्हा तिला नेऊन दोन वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, सोळाची शोधून काय उपयोग, ती आता अठराची असणार. गाल जरा कमी केले. मानेला थोडा ताठपणा दिला.

डोळे शेवटी. आपल्याकडं देवाचं चित्र काढणारे डोळे शेवटी काढतात, तुम्हाला ठाऊक आहे. अक्का देव मानत नव्हत्या, पण एवढं पाळायच्या. डोळे काढून झाले तशा गौरम्मा उठल्या. पदर सारखा केला. आणि चित्राला रागावल्या. काय म्हणाल्या माहीत आहे? 'केसांना तेल नाही लावलंस?' अक्कांनी खोडरबर घेतलं आणि काळ्या केसांवर एक बारीक उजेडाची रेघ काढली. तेलाची चकाकी.

मी त्या दिवशी तोंड फिरवलं. मला बघवलं नाही.

त्या चित्राखाली अक्कांनी स्वतःच्या अक्षरात कन्नडमध्ये चार ओळी लिहिल्या. मंजुळा बोलतेय अशा. मला नेणारा आमच्या ओळखीचा होता. तो मोटारसायकलवरून यायचा. त्यानं आधी माझ्या आईला साडी आणली. मग मला कामाचं सांगितलं. बस्स, एवढंच. मी विचारलं, अक्का, लोक चित्र बघून हळहळतील, मग हे कशाला? त्या म्हणाल्या, हळहळायला नाही टांगायचं. आपल्या गावात साडी घेऊन कोण येतो ते आठवायला टांगायचं.

हे ऐकून आणखी आया आल्या. नऊ चित्रं झाली. ठरलं, की पहिल्यांदा गौरम्मांच्याच गावात, शाळेच्या खोलीत टांगायची. आसपासच्या गावांतल्या बायका येतील, बघतील, वाचतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांना अक्का वाचून दाखवतील.

आता माझी चूक.

फ्रेमा करायला मला तीन दिवस होते. अक्कांना ताप होता, त्या दुकानात येऊ शकल्या नाहीत. मी एकट्यानं केलं. सागाची साधी पट्टी, काच, मागं पुठ्ठा. मला पक्कं माहीत होतं की या मुली गेलेल्या नाहीत, हरवलेल्या आहेत. डोक्याला माहीत होतं. पण हातापुढं नऊ चेहरे होते. एकट्या माणसांचे मोठे चेहरे. आणि हातानं आपलं काम केलं. तोंडात देवीची नावं चालू होती, मी काम करताना म्हणतो. तोंडात देवीचं नाव, आणि हात एकेका पोरीच्या डोक्यावर दोन दोन हुक मारत होते. अठरा हुक. एकदाही माझ्या लक्षात आलं नाही. मी ते पुसून चकचकीतसुद्धा केले.

टेम्पोत घालून मी चित्रं गावी नेली. शाळेच्या खोलीत टांगली. बायका जमल्या. गौरम्मा हळदी-कुंकवाची वाटी घेऊन आल्या. मला वाटलं, लेकीच्या चेहऱ्याकडं बघतील. त्या चेहऱ्याकडं बघत नव्हत्या. वर बघत होत्या. कोपऱ्याकडं. हात वर करून त्यांनी एका हुकाला बोट लावलं, मग दुसऱ्या.

मला विचारलं, "अण्णा, हे कशाला?"

आणि मी, मूर्ख माणूस, जे रोज गिऱ्हाइकाला सांगतो तेच सांगितलं. "हार घालायला, अम्मा."

तोंडातून गेल्यावर मला कळलं. पण गेलेला शब्द कोण परत आणणार?

त्या ओरडल्या नाहीत. अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तुम्हाला कळलंय. कधी कळलं?"

मी सांगत राहिलो, नाही अम्मा, चूक झाली, सवयीनं झालं, काही कळलेलं नाही. त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी फ्रेम उतरवली, पदरात गुंडाळली आणि निघून गेल्या. दुसऱ्या आईनं आपली उतरवली. मग तिसरीनं.  नऊच्या नऊ खिळे भिंतीत तसेच राहिले. बघायला आलेल्या बायका दारातून मागं फिरल्या. कुणी काही वाचलं नाही.

मी सगळ्या आयांच्या घरी गेलो. दारात उभा राहून हुक काढले, भोकं लांबीनं बुजवली, वर पॉलिश मारलं. आठ जणींनी करू दिलं. गौरम्मांनी दार उघडलं नाही. अक्का तापातून उठल्या तशा स्वतः गेल्या. त्यांना आत घेतलं, चहा दिला, चित्र मात्र दिलं नाही. आणि गौरम्मांच्या गावात गौरम्मांच्या लेकीशिवाय चित्रं कशी टांगणार? बाकीची दुसरीकडं फिरली, त्या गावात नाही. आषाढात हे झालं. श्रावण गेला, गौरी-गणपती झाले, दसरा आला. इथं हत्तींची मिरवणूक निघाली, सगळं शहर दिव्यांनी उजळलं. मंजुळा आईच्या ट्रंकेत होती.

मंडळी, आता जे सांगतोय ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या चार महिन्यांत तो माणूस त्या गावात परत आला. तोच. मंजुळाला नेणारा. गौरम्मांच्या घराकडं फिरकला नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मोटारसायकल दुसरी होती. तिथल्या एका बाईला त्यानं साडी आणली. दसऱ्याच्या आत तिच्या मुलीला घेऊन गेला.

त्या मुलीचं नाव मी सांगणार नाही, आणि म्हणूनच गावाचंही घेतलं नाही. तिला विचारूनच हे सांगतोय. ती म्हणाली, नाव सोडून सगळं सांगा.

तिची आई पुढं अक्कांना भेटली. त्या चार ओळी तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकल्या. साडीची ओळ आली तशी तिनं अक्कांचा हात धरला, आणि पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचल्यावर म्हणाली, हे मी आधी ऐकलं असतं तर मी ती साडी त्याच्या तोंडावर फेकली असती.

मी शेजारीच उभा होतो.

मी विचार करणारा माणूस आहे. फार बोलत नाही, पण विचार सुटत नाही. मी चामुंडीच्या टेकडीच्या पायऱ्या चढलो. एकदा नाही. देवीपुढं उभा राहून विचारलं, तुझंच नाव तोंडात होतं ना, मग हात का धरला नाहीस?  मला वाटतं, ज्यानं त्यानं आपला हात आपणच धरायचा असतो. पण हे वाटून माझं मन हलकं झालं नाही. अजून झालेलं नाही.

शेवटी अक्कांना विचारलं. म्हटलं, अक्का, ती पोर माझ्यामुळं गेली का? खरं सांगा. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, नाही रे, तुझा काय दोष. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. असं गोड बोलणाऱ्या त्या नव्हत्या. पेन्सिलीला टोक काढत होत्या, ते काढून संपवलं आणि म्हणाल्या, "हो. थोडी तुझ्यामुळं. थोडी माझ्यामुळं, मी ताप असताना उठून बघायला पाहिजे होतं. पुष्कळशी त्या माणसामुळं. पण म्हादेवा, आता वाटणी करत बसलास तर तिची फ्रेम कोण करणार?"

त्या तिचंच चित्र काढत होत्या. त्या मुलीचे मोबाईलमध्ये फोटो होते, भरपूर. पण सगळे त्या गोरं करणाऱ्या, डोळे मोठे करणाऱ्या खेळण्यातले. खरी मुलगी एकातही नव्हती. म्हणून पुन्हा आईला समोर बसवलं. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची. दोन दिवसांत चित्र झालं.

आणि त्याच आठवड्यात गौरम्मा माझ्या दुकानात आल्या. पदरात गुंडाळलेली फ्रेम माझ्या पाटावर ठेवली. म्हणाल्या, मी हिला ट्रंकेत ठेवलं, म्हणून त्या दुसरीला कुणी सांगणारं राहिलं नाही. मी म्हटलं, अम्मा, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, "तुझी तू बघ, अण्णा. माझी मला बघू दे. हे काढ." मी त्यांच्यासमोर हुक काढले. भोकं बुजवली. त्यांनी बोट फिरवून बघितलं. पुन्हा घासायला लावलं. पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, आता टांग.

त्या दिवसापासून माझ्या हातून हरवलेल्या मुलीचं जे जे चित्र बाहेर गेलं, ते आधी गौरम्मांच्या बोटाखालून गेलं. येण्याजाण्यात त्यांचा अर्धा दिवस बसमध्ये जातो. चित्र बघत नाहीत. फक्त कोपरे चाचपतात, मान हलवतात, आणि जातात.

पुढं ही चित्रं शाळांत गेली, संतेत, म्हणजे आठवडी बाजारात गेली, दूध घालायला बायका जमतात तिथं गेली, मेटगळ्ळीला कारखान्यांच्या फाटकासमोर गेली. काही ठिकाणी लोकांनी हाकलून दिलं. एका गावात म्हणाले, आमच्या गावाची बदनामी करता. अक्का म्हणाल्या, बरं, टांगत नाही, हातात धरून उभी राहते. आणि उन्हात तासभर हातात धरून उभ्या राहिल्या. मी छत्री धरली तर मलाच रागावल्या, चेहऱ्यावर सावली पडतेय म्हणून. माझ्या नाही, तिच्या.

ती दुसरी मुलगी सात महिन्यांनी सापडली. संस्थेनं चित्राच्या प्रती बाहेरगावी पाठवल्या होत्या; दुसऱ्या राज्यात, एका बाजारात भाजी विकणाऱ्या बाईनं ओळखलं. भाषाही वेगळी, काही वाचता आलं नाही तिला. चेहरा ओळखला. पोलिस गेले, संस्थेचे लोक गेले, मुलीला आणलं.

सापडली म्हणून पेढे वाटायची ही गोष्ट नाही. सात महिने म्हणजे सात महिने. ती आली तेव्हा कुणाशी बोलत नव्हती. दारावर कुणी टकटक केलं की भिंतीला चिकटायची. मी तिच्यासमोर जायचं टाळलं. काय तोंड दाखवणार?

अक्कांचा एक नियम होता. जी सापडली नाही तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं. जी सापडली तिचं नाव गिळायचं, तिचं चित्र त्याच दिवशी उतरवायचं आणि तिच्या हातात द्यायचं. तिनं ते ठेवावं, फाडावं, जाळावं. तिचा चेहरा आहे, तिची मर्जी. या मुलीनं चित्र बाहेर काढलं, घडी घालून आईला दिलं, आणि रिकामी फ्रेम स्वतःकडं ठेवली.

गेल्या वर्षी ती माझ्या दुकानात आली. एकटी आली. परत आल्यापासून पहिल्यांदा एकटी बसमध्ये बसली होती. मला आधी ओळखूच आली नाही. पिशवीतून फ्रेम काढली. त्यात चामुंडीचं कॅलेंडरचं चित्र, कात्रीनं नीट कापून बसवलेलं. म्हणाली, काका, हार घालता येत नाही याला. हुक लावून द्या.

मी कोपरा हातात घेतला. मीच चार वर्षांपूर्वी केलेली फ्रेम. कोरा कोपरा.  हुकांची गोष्ट तिला तेव्हा माहीत नव्हती. मी दोन हुक लावले. किती झाले म्हणून विचारलं तिनं. मी म्हटलं, देवीला विचार. ती हसली. थोडीशीच, पण हसली.

मी हे संध्याकाळी अक्कांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, तुझ्या देवीनं बरं घर शोधलं यावेळी.

आता मंजुळाचं सांगतो आणि बसतो.

दर वर्षी उगादीनंतर, म्हणजे आपल्या पाडव्यानंतर, अक्का गौरम्मांच्या ओट्यावर जायच्या आणि मंजुळा पुन्हा काढायच्या. एकोणीसची, विसाची, एकविसाची. जुनं चित्र काढून त्याच फ्रेममध्ये नवं. मी एकदा म्हटलं, अक्का, चेहरा असा किती बदलतो वर्षात? त्या म्हणाल्या, आईचा बदलतो ना. तिचा बदलला की लेकीचा बदलला. यंदा अक्कांना बरं नव्हतं, वेळ झाला. गेल्या महिन्यात जाऊन आल्या. तेवीस वर्षांची मंजुळा अर्धी काढली, हात थकला, म्हणाल्या, राहिलेलं घरी करीन. तुम्हाला माहीत आहे, अक्का खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. समोर तेच चित्र होतं. केस झाले होते. तेलाची रेघसुद्धा झाली होती. डोळे राहिले.

अक्कांचा हा फोटो फ्रेम करायला काल माझ्याकडं आला. फ्रेम केली. हुक लावायला हात गेला, आणि मी हात धरला. म्हटलं, नको. हुक लावले म्हणजे गेल्या. मी नाही लावणार. आज सकाळी गौरम्मा दुकानात आल्या. सवयीनं त्यांनी कोपऱ्यावर बोट फिरवलं. एका, मग दुसऱ्या. मग माझ्याकडं बघितलं.

"अक्काला का नाही?"

मी पाटावरचा भुसा झाडायला लागलो.

म्हणाल्या, "ती गेली, अण्णा. तिला आपण पोचवलं. तिला हार मिळाला पाहिजे. माझ्या पोरीला नको, कारण ती कुठं आहे ते अजून कुणी मला सांगितलेलं नाही. तू दोघींना एकच करू नकोस."

मी त्यांच्यासमोर हुक लावले. तोंडात देवीचं नाव होतं. या खेपेला मी हाताकडं बघत होतो.

मग त्यांनी ते राहिलेलं चित्र मागितलं. मांडीवर घेऊन बसल्या. डोळ्यांच्या जागी कोरा कागद. मी म्हटलं, अम्मा, देवाचं चित्र काढणारे दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत, डोळे काढून देतील. त्या म्हणाल्या, त्यांनी हिला बघितलेलं नाही. मी म्हटलं, अक्कांनी तरी कुठं बघितलं होतं? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला सांगायला मी इथं उभा आहे.

"अक्कानं मला बघितलं होतं. डोळे माझे आहेत. कुणीतरी माझ्यासमोर बसा आणि काढा."

मंडळी, मला चित्र काढता येत नाही. मला पट्टी कापता येते, काच बसवता येते. या खोलीत अक्कांच्या हाताखाली शिकलेले दहा-बारा जण तरी आहेत. मी कुणाकडं बोट दाखवत नाही. चित्र माझ्या दुकानात आहे. फ्रेम तयार आहे, कोपरे कोरे आहेत. गौरम्मा संध्याकाळच्या बसपर्यंत इथंच आहेत.

मला भीती एका गोष्टीची वाटते. आपण अक्कांना हार घालू, घरी जाऊ, आणि मंजुळा बाविसाचीच राहील. मग तिलाही हुक लावल्यासारखंच झालं. या वेळी ते मी एकट्यानं केलेलं नसेल.

आता गौरम्मा पुढं येतील आणि अक्कांना हार घालतील. बनी अम्मा, या.

हार घालून झाला की आपण उभे राहू. तोंडातल्या तोंडात ज्याचा त्याचा देव आठवू. ज्याला देव नाही त्यानं अक्कांना आठवावं, त्यांना ते जास्त आवडेल. दोन मिनिटं कुणी बोलू नये.

ही शांतता अक्कांची आहे. मंजुळाची नाही. दोन मिनिटं झाली, की जाता जाता गौरम्मांपाशी थांबा आणि त्यांच्या लेकीचं नाव घ्या. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

अक्का, या तुमच्या म्हादेवाचा नमस्कार. गप्प राहिलो नाही, माफ करा.